वाचकांचे प्रश्न : न घडलेल्या अमेरिकेतला शेतकऱ्यांचा पक्ष

प्रश्न : सर, नमस्कार. मी नाशिकरोडला राहतो, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही काही मित्र मिळून 'असं झालं असतं तर' या धर्तीचा इतिहास लिहितो. मागच्या अंकातलं तुमचं अमेरिकेच्या पॉप्युलिस्टांवरचं टिपण वाचून मी तोच विषय घेतला. माझ्या कथेत त्यांची पीपल्स पार्टी, म्हणजे 1890 च्या दशकातला तो शेतकऱ्यांचा पक्ष, 1896 मध्ये डेमोक्रॅटांच्या मागे जात नाही, स्वतंत्र राहते आणि 1930 पर्यंत टिकते. तिची विचारसरणी आणि आतले गट मला ठरवायचे आहेत. मी डावा, उजवा आणि मध्यममार्गी असे तीन गट केलेत. मित्र म्हणतात, बेचव झालंय. काय करू?

उत्तर : मित्र बरोबर सांगतायत. या पक्षाने 4 जुलै 1892 ला ओमाहा शहरात आपला जाहीरनामा मंजूर केला. त्यात रेल्वे, तार आणि टेलिफोन सरकारी मालकीचे हवेत असं म्हटलंय, पण जमिनीबद्दल एवढंच की ती सट्ट्यासाठी कोणी अडवून ठेवू नये आणि परदेशी मालकांच्या हाती जाऊ नये. चढत्या दराचा आयकर हवा, टपाल खात्याच्या बचत बँका हव्यात, सिनेटर थेट लोकांनी निवडायला हवेत. आणि त्याच बैठकीत बाहेरून येणाऱ्या 'नको असलेल्या' लोकांना आवर घालण्याचा ठरावही झाला. याला डावं म्हणशील की उजवं? तो नाद सोड. प्रत्येक गटाला एवढंच विचार : तुझं देणं कोणाकडे आहे आणि तू विकतोस काय? कापूस, चांदी की अंगमेहनत? या पक्षाला गेलेला प्रत्येक तडा या उत्तरांवरून गेला आहे. मी हे आग्रहाने सांगतोय, कारण पक्षांचा इतिहास आपण भाषणांतून शिकतो आणि दुकानदाराच्या खतावणीकडे बघत नाही.

आधी मूळ दुखणं समजून घे. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत रोकड उरली नव्हती. शेतकरी बियाणं, खत, पीठ, मीठ, कापड सगळं दुकानदाराकडून उधार घ्यायचा आणि उभं पीक त्याच्याकडे गहाण पडायचं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. दुकानदार म्हणायचा कापूसच लाव, कारण कापूस हमखास विकला जातो. मग सगळ्यांचा कापूस एकाच हंगामात बाजारात यायचा. 1870 च्या दशकाच्या मध्यात पौंडाला 11 सेंटांच्या आसपास असलेला भाव 1894 मध्ये 5 सेंटांच्याही खाली गेला. आपल्याकडे याचं दुसरं टोक आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत युद्ध चाललं तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराचं देणं मात्र राहिलं. 1875 मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. त्याच दशकात टेक्ससच्या लॅम्पासस परगण्यात फार्मर्स अलायन्स ही संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे हा पक्ष निघाला.

अलायन्सच्या चार्ल्स मॅक्यूनने 1889 मध्ये सरकारी कोठारांची योजना मांडली. ज्या परगण्यात वर्षाला 5 लाख डॉलरांच्या वर शेतमाल विकला जातो तिथे सरकारने कोठार बांधायचं. शेतकऱ्याने माल तिथे ठेवायचा, बाजारभावाच्या 80 टक्के रक्कम सरकारी नोटांमध्ये उचलायची, व्याज वर्षाला 1 टक्का, आणि बारा महिन्यांच्या आत भाव बघून माल विकायचा. दुकानदाराची गरजच संपली. या योजनेवर ज्यांचा जीव होता तो तुझा पहिला गट. टेक्सस आणि जॉर्जियातले हे लोक स्वतःला 'मिड-रोडर' म्हणवत. ते कोणाशीही युती करायला तयार नव्हते. त्यांच्या गावात डेमोक्रॅट म्हणजे दुकानदार, डेमोक्रॅट म्हणजे शेरीफ आणि मतं मोजणाराही डेमोक्रॅटच. 1892 मध्ये जॉर्जियाच्या ऑगस्टा शहरात पात्र मतदारांपेक्षा जास्त मतं मोजली गेली आणि पॉप्युलिस्टांचा टॉम वॉटसन पडला. अशा माणसाला 'आता डेमोक्रॅटांशी हातमिळवणी करू' म्हणून सांगून बघ.

दुसरा गट चांदीवाल्यांचा, कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहोमधला. इथे एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो, तो तुझ्या कथेत आलाच पाहिजे. तोवर हिंदुस्थानात कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. 1893 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने ही सोय बंद केली. जगातलं एक मोठं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं, चांदीचा भाव आपटला, कोलोरॅडोच्या खाणी बंद पडल्या आणि बेकार खाणकामगार डेन्व्हरच्या रस्त्यांवर आले. त्यांचं म्हणणं एवढंच : सोळा भार चांदीला एक भार सोनं या प्रमाणात सरकारने हवी तितकी नाणी पाडावीत. पैसा वाढला की कर्जाचं ओझं हलकं होतं, हे कर्जबाजारी शेतकऱ्यालाही पटायचं. पण खाणमालकाला कोठारांशी काही देणंघेणं नव्हतं. पक्षाचा 1892 चा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जेम्स वीव्हर आणि पक्षाचा अध्यक्ष हर्मन टॉबेनेक हे दोघं पुढे पुढे म्हणू लागले की बाकीच्या मागण्या बाजूला ठेवू, चांदीवर सगळे एकत्र येतील. लोकांची दहा लाखांवर मतं आणि 22 निर्वाचक मतं (राज्यांच्या वाट्याची, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी) मिळवलेल्या वीव्हरचा शब्द कोण मोडणार?

आता भूगोल बघ. पश्चिमेत गावातला दांडगा पक्ष रिपब्लिकन, म्हणून तिथल्या पॉप्युलिस्टाला डेमोक्रॅट मित्र वाटतो. दक्षिणेत उलट. नॉर्थ कॅरोलायनात 1894 मध्ये पॉप्युलिस्टांनी रिपब्लिकनांशी युती केली, विधिमंडळ जिंकलं, व्याजाचा दर 6 टक्क्यांवर बांधला आणि परगण्यांना आपला कारभार स्वतः निवडायचा हक्क परत दिला. तेव्हा युतीवाले सगळे विकले गेलेले आणि स्वतंत्रवाले सगळे शुद्ध, असं लिहू नकोस. राष्ट्रीय पातळीवर युती एकाच पक्षाशी होणार, आणि कुठल्याही एकाशी केली तरी अर्धा पक्ष आपल्या वैऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. खरी कोंडी ही होती.

तिसऱ्या गटावर मात्र वेळ घालव. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वेगळी कलर्ड फार्मर्स अलायन्स 1886 मध्ये टेक्ससमध्येच सुरू झाली, कारण गोऱ्यांच्या अलायन्समध्ये त्यांना प्रवेश नव्हता. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे स्वतःची जमीन नव्हती. 1891 च्या सप्टेंबरात त्यांच्यातल्या काहींनी कापूस वेचणीचा संप पुकारला : शंभर पौंडांना 50 सेंट मिळतात, 1 डॉलर हवा. आर्कान्सामध्ये तो संप रक्तात बुडवला, त्याच्या पुढाऱ्यासह अनेकांना ठार मारलं. आणि गोऱ्या अलायन्सचा अध्यक्ष लिओनिडास पोक संपाच्या विरोधात उभा राहिला, कारण मजुरी देणारे त्याचेच सभासद होते. कापसाला भाव हवा आणि वेचणीला मजुरी हवी, या दोन मागण्या एकाच पक्षात. 1980 च्या नोव्हेंबरात कांदा-उसाच्या भावासाठी आपल्या जिल्ह्यात रस्ते अडले तेव्हा मी कॉलेजात होतो, पिंपळगाव बसवंतला रस्त्यावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. शरद जोशींचं म्हणणं होतं की शेतमालाला भाव मिळाला की मजुरीही वाढेल. मला ते अर्धंच पटलं. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या छाटणीला येणारा मजूर 'भाव वाढला की तुझंही बघू' या शब्दावर किती हंगाम थांबणार? तुझ्या पक्षाच्या अधिवेशनात हा प्रश्न विचारणारा माणूस हवा आणि त्याला उत्तर देताना व्यासपीठ चुळबुळलेलं दिसायला हवं.

चौथा गट शहरी कामगारांचा. 1894 मध्ये पुलमन या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातून पेटलेल्या संपानंतर शिकागोत हेन्री डेमारेस्ट लॉइड या लेखकाने कामगार आणि पॉप्युलिस्टांची मोट बांधायचा प्रयत्न केला. उत्पादनाची सगळी साधनं सार्वजनिक मालकीची असावीत ही तिथल्या समाजवाद्यांची मागणी ऐकून जमीनवाला शेतकरी दचकला. शिवाय कामगाराला पाव स्वस्त हवा आणि शेतकऱ्याला गहू महाग. यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही, हे भांडण नाशिकच्या कुठल्याही भाजीबाजारात ऐकू येतं.

आता वळण कुठे घ्यायचं? 1896 मध्ये बाकीच्या दोन पक्षांनंतर आपलं अधिवेशन घ्यायचं असं पक्षाने त्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं होतं. हिशोब असा की दोघंही फक्त सोन्यावर आधारलेलं चलन हवं म्हणणारे उमेदवार देतील आणि नाराज चांदीवाले आपल्याकडे येतील. पण 9 जुलैला शिकागोत डेमोक्रॅटांच्या अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायनने चांदीच्या बाजूने भाषण केलं, तोच त्यांचा उमेदवार झाला आणि डेमोक्रॅटांनी चांदीच पळवली. जुलैअखेर सेंट लुईसला पॉप्युलिस्ट जमले तेव्हा त्यांच्या हातात निवड उरलीच नव्हती. त्यांनी आधी उपाध्यक्षपदासाठी वॉटसनला उभं केलं, कारण त्या पदाचा डेमोक्रॅटांचा उमेदवार आर्थर सिवॉल बँक आणि जहाजांचा मालक होता. मग ब्रायनला पाठिंबा दिला. मी तुझ्या जागी असतो तर अधिवेशन वसंतात घेतलं असतं. किंवा पोकला जिवंत ठेवलं असतं. तो ओमाहाच्या तीनच आठवडे आधी, 11 जून 1892 ला वारला. दक्षिणेतला, अलायन्सचा अध्यक्ष आणि उमेदवारीचा पहिला दावेदार. किंवा रेल्वे कामगारांचा पुढारी यूजीन डेब्स याला उमेदवारीसाठी होकार द्यायला लावलं असतं. 1896 मध्ये अनेक मिड-रोडरांना तोच हवा होता, त्याने नकार दिला.

पण राष्ट्राध्यक्ष मात्र निवडून आणू नकोस. ब्रायन सगळ्यांची मतं घेऊनही 176 निर्वाचक मतांवर थांबला आणि रिपब्लिकनांचा मॅकिन्ली 271 वर गेला. तिसरा पक्ष वेगळा लढला असता तर मॅकिन्लीचं काम आणखी सोपं झालं असतं. तुझा पक्ष जगेल तो राज्यांच्या विधिमंडळांत. 1913 पर्यंत सिनेटर तीच निवडत होती. दहा-बारा सिनेटर हातात असले की वॉशिंग्टनमध्ये कोणाचंही बहुमत अडवता येतं.

आणखी एक गोष्ट तुला टाळता येणार नाही. कॅनडात क्लोंडाइकचं सोनं सापडलं, दक्षिण आफ्रिकेतलं सोनं नव्या पद्धतीने भरभरून निघू लागलं, आणि 1897 नंतर पैशाची टंचाई आपोआप सरली. म्हणजे तुझ्या कथेतही 1905 पर्यंत चांदीवाला गट विझणार. 1910 नंतर शेतमालाचे भाव चांगले, म्हणून पक्ष सुस्तावणार. 1920 नंतर भाव कोसळले की पुन्हा खवळणार, आणि तेव्हा नेतृत्व उत्तरेकडे जाणार. याला पुरावा आहे : नॉर्थ डकोटात 1915 मध्ये नॉनपार्टिझन लीग निघाली, तिने 1919 मध्ये सरकारी बँक काढली, मग पिठाची गिरणी. दोन्ही आजही चालू आहेत. शेजारच्या मिनेसोटात फार्मर-लेबर पार्टीचा फ्लॉइड ओल्सन 1931 मध्ये गव्हर्नर झाला. तुझ्या इतिहासात या दोघांना स्वतंत्र पक्ष करायचं कारण नाही. ते तुझ्या पक्षाचा उत्तरेकडचा गट आहेत.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. मागच्या टिपणात तुम्ही त्या सरकारी कोठारांचा उल्लेख केला होता. अशी योजना आपल्या कांद्याला चालेल का? आणि ती तिकडे का झाली नाही?

उत्तर : तुमच्या चाळीतला कांदा बघा आणि मॅक्यूनची यादी बघा. त्याच्या यादीत कापूस, गहू, मका, तांदूळ, तंबाखू, लोकर, साखर होती, कोरड्यात पडून राहिलं तरी टिकणारा माल. लाल कांदा काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो, पण सड, कोंब आणि वजनातली घट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्या तारणाचं वजनच दर आठवड्याला कमी होतं त्यावर 80 टक्के उचल कोण देईल? आपल्या राज्यात पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीन, तूर, मूग अशा मालावर बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्के, 6 टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. मॅक्यूनची कल्पना शंभर वर्षांनी आपल्या दारात आली ती अशी. तिकडे 1890 मध्ये तिचं विधेयक अमेरिकेच्या संसदेत मांडलं गेलं आणि तिथेच राहिलं. तिचे तुकडे पुढे वेगवेगळ्या कायद्यांतून निघाले : 1916 चा गोदाम कायदा, आणि 1933 मध्ये माल तारण ठेवून कर्ज देणारं सरकारी महामंडळ.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. कोठाराची किल्ली सरकारकडे, आणि सरकारला शहरातली मतंही हवीत. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती पुढच्या वर्षी मे महिन्यात उठली. लासलगावच्या लिलावात त्या दिवसांत काय झालं ते तुम्ही सोसलंय. मी जुना समाजवादी विचारांचा माणूस, तरीही भाव पाडायचं हत्यार आणि माल साठवायचं कोठार एकाच हातात द्यायला माझा विरोध आहे. कोठारं शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थांची हवीत, सरकारने फक्त कर्जाची हमी द्यावी. पहिल्या पत्रातल्या विद्यार्थ्याने हेही टिपून घ्यावं : पक्षाने कोठारं खरोखर बांधली की पुढच्या दहा वर्षांत त्याच्यात पाचवा गट तयार होतो. तो म्हणेल, सरकारला बाजारातून बाहेर काढा. आणि त्याचे पुढारी तेच जुने मिड-रोडर असतील, ज्यांनी कोठारांसाठी आयुष्य घातलं.

प्रश्न : चांदवडहून लिहिते आहे. 1986 चं शेतकरी महिला अधिवेशन आमच्या गावात झालं, माझी आई त्यात होती. त्या अमेरिकी पक्षात बायका कुठे होत्या?

उत्तर : ताई, त्या सभांमध्ये सर्वत्र होत्या आणि ओमाहाच्या जाहीरनाम्यात नव्हत्या. कॅन्ससची मेरी एलिझाबेथ लीझ ही पक्षाच्या सर्वांत प्रभावी वक्त्यांपैकी एक. अलायन्समध्ये बायकांना सभासदत्व होतं, मतदान होतं, पदंही मिळत. तरी बायकांच्या मताधिकाराची मागणी राष्ट्रीय जाहीरनाम्यात आली नाही. दक्षिणेतले पुरुष बिथरतील ही भीती. कोलोरॅडोत मात्र पॉप्युलिस्ट गव्हर्नर डेव्हिस वेट याच्या काळात, 1893 च्या नोव्हेंबरात, पुरुष मतदारांनी कौल देऊन बायकांना मताचा हक्क दिला. चांदवडला तुमच्या आईसारख्या हजारो बायका शेतकरी म्हणून, स्वतःच्या नावाने जमल्या होत्या. अमेरिकेत पक्षाच्या आत बायकांची तशी वेगळी आघाडी उभी राहिली असती, तर दारूबंदीचा प्रश्न 1892 मध्ये त्यांना गुंडाळून ठेवावा लागला नसता. कथेत ही आघाडी कॅन्ससमधून निघायला हवी, आणि दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी तिला अडवायला हवं.

प्रश्न : सर, नाशिकरोडचा माझा मित्र तुम्हाला लिहिणार आहे. त्याने त्याच्या कथेत टॉम वॉटसनला नायक केलंय. मी वाचलं तर वॉटसन पुढे भयंकर वंशद्वेष्टा झाला. आमचं यावरून भांडण झालंय. कोणाचं बरोबर?

उत्तर : दोघांनीही पूर्ण वॉटसन वाचा. 1892 मध्ये त्याने एका लेखात काळ्या आणि गोऱ्या शेतकऱ्यांना उद्देशून लिहिलं, की तुम्हाला वेगळं ठेवलं जातं ते वेगवेगळं लुबाडता यावं म्हणून. त्याच वर्षी एच. एस. डॉइल या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने त्याच्यासाठी साठाहून अधिक भाषणं केली. डॉइलच्या जिवाला धोका झाला तेव्हा तो वॉटसनच्या घरी आला, आणि निरोप मिळताच गोरे शेतकरी बंदुका घेऊन रात्रभर पहाऱ्याला आले. जॉर्जियात, त्या काळात. माझ्या लेखी ती या पक्षाची सर्वांत उंच जागा आहे. 1906 पर्यंत हाच वॉटसन कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणाऱ्या उमेदवाराला पाठिंबा देत होता. पुढे लिओ फ्रँक या ज्यू माणसाविरुद्ध त्याने आपल्या नियतकालिकांतून इतकं विष ओतलं की 1915 मध्ये जमावाने फ्रँकला तुरुंगातून पळवून नेऊन फाशी दिली.

हे 1896 च्या पराभवामुळे झालं आणि पक्ष टिकला असता तर वॉटसन बदलला नसता, असं तुझा मित्र म्हणेल. मला ते पटत नाही. 1898 च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र गोऱ्यांनी निवडून आलेलं शहराचं सरकार उलथवलं, कृष्णवर्णीयांची कत्तल केली. तिथे पॉप्युलिस्टांची युती हरलेली नव्हती, सत्तेत होती. ती जिंकली म्हणूनच तिच्यावर हल्ला झाला. स्वतंत्र राहिलेल्या पक्षावरही असाच हल्ला झाला असता, आणि गोऱ्या मतांसाठी कृष्णवर्णीय सोबत्यांना सोडून देऊ म्हणणारा गट आत तयार झालाच असता. वॉटसन कुठल्या बाजूला गेला असता, हे मित्राने प्रामाणिकपणे लिहावं. त्याला काढू नका, झाकू नका, आणि नायकही करू नका. नायक हवा असेल तर डॉइलला घ्या. सेंट लुईसचं अधिवेशन त्याच्या नजरेतून लिहा : पोक त्याच्या भावांच्या संपाविरुद्ध गेला होता हे त्याला माहीत आहे, वॉटसनच्या अंगणातली ती रात्र त्याने पाहिली आहे, आणि आता मतदान होतंय. लिहून झालं की दोघं मिळून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचेन.